चाप, घोडा आणि उरलेला स्क्रू

दिल्लीच्या करोल बागेत वस्तूला मरण नाही. आपल्याकडे जे पोत्यात भरून भंगारवाल्याला देतात, ते इथे ‘थोडंसं काम मागतंय’ या सदरात मोडतं. गफ्फार मार्केटमध्ये पाण्यात पडलेला फोन, रिक्षाखाली आलेला फोन आणि आधी पाण्यात पडून मग रिक्षाखाली आलेला फोन, तिन्ही सारख्याच आत्मविश्वासाने उघडले जातात. नाईवालाच्या गल्ल्यांत सकाळी जुन्या बुलेटींचे अवयव फुटपाथवर मांडलेले दिसतात. संध्याकाळी त्यांतून एक गाडी उभी राहते आणि कुणीतरी तिच्यावर बसून लडाखला निघतो. उरलेल्या अवयवांची दुसरी गाडी होते. ज्या हकीम अजमल खानांचं नाव इथल्या मुख्य रस्त्याला आहे, त्यांनी याच भागात तिब्बिया कॉलेज उभारलं आणि १९२१ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. म्हणजे माणसाच्या दुरुस्तीचीही सोय झाली. सोमवारी बाजार बंद असतो, पण दुरुस्ती बंद नसते. ती फक्त अर्ध्या शटरच्या आत सरकते.

अशा वातावरणात पिढ्यान्पिढ्या राहिल्याचा परिणाम असा, की इथला प्रत्येक घरमालक स्वतःला जन्मजात मेकॅनिक समजतो. आमचे अंकलजी त्यांतलेच. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, मी भाड्याने राहतो. या घरात प्लंबर, सुतार आणि इलेक्ट्रिशियन यांनी आजवर पाऊल ठेवलेलं नाही, आणि ते घराकडे पाहिल्यावर समजतं. गीझर लावला की दारावरची बेल वाजते. पाहुणा आलाय की पाणी तापलंय, हे बाल्कनीतून वाकून पाहावं लागतं. जिन्यातला दिवा लावायचं बटण दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या स्वयंपाकघरात आहे, त्यामुळे त्यांच्याशी सर्वांचेच संबंध चांगले आहेत. प्रत्येक दुरुस्तीनंतर अंकलजींच्या हातात एखादा स्क्रू उरतो. तो ते बोर्नव्हिटाच्या डब्यात टाकतात. कंपनीवाले उगाच जास्तीचे स्क्रू घालतात, असं त्यांचं संशोधन आहे.

या अंकलजींकडे एक रिव्हॉल्व्हर आहे. रीतसर परवान्याचं, बत्तीस बोअरचं, सहा गोळ्यांचं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं आणि सेकंडहँड.

दिल्लीत रिव्हॉल्व्हर बाळगण्यामागे धोका हे कारण क्वचितच असतं. बहुतेकदा लग्न हे असतं. नवरदेवाकडची मंडळी किती मोठी, हे पूर्वी कमरेच्या फुगवट्यावरून समजायचं. आता आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात आली आहे. तेव्हा फुगवटा राहिला आणि आवाज डीजेकडे गेला.

सेकंडहँड का, तर नवं परवडत नाही. सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्र आणण्याची वाट ऐंशीच्या दशकाच्या मध्यालाच बंद झाली. त्यामुळे आजोबांच्या काळातल्या विलायती रिव्हॉल्व्हरांच्या किमती दरवर्षी चढत राहिल्या. देशी मालही स्वस्त नाही. कानपूरच्याच कारखान्याने २०१४ साली खास बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर काढलं, त्याची किंमत होती सव्वा लाखाच्या आसपास, आणि ते यायचं मरून रंगाच्या दागिन्यांच्या पेटीत. दागिन्यांच्या पेटीची बातमी वाचून आंटीजींनी पहिल्यांदाच या विषयात रस दाखवला होता, पण किंमत वाचून त्यांनी सांगितलं की एवढ्यात खरोखरचा दागिना येतो, आणि तो चालवायला शिकावं लागत नाही.

अंकलजींचं रिव्हॉल्व्हर आलं त्यांच्या साडूकडून. साडूकडे तीन शस्त्रं होती. त्याच २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवण्याची मुभा दिली आणि तिसऱ्याची विल्हेवाट लावायला मुदत दिली. आता तीनपैकी एक सोडायचं म्हटल्यावर माणूस कोणतं सोडतो, हा प्रश्न अंकलजींनी तेव्हा स्वतःला विचारायला हवा होता. पण घरातल्या घरात व्यवहार, भाव कमी, आणि साडूने वर एक कातडी म्यानही देऊ केलं होतं. एका परवानाधारकाने दुसऱ्याला शस्त्र विकायचं तर आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. तेवढ्या काळात अंकलजींनी म्यानाला पॉलिश केलं, कमरपट्ट्याला नवं भोक पाडलं आणि पोटाच्या घेराचा अंदाज चुकल्यामुळे आणखी एक पाडलं.

पुढे चार वर्षं ते कपाटात स्वस्थ होतं. बिघडलंय हे समजायला ते वापरावं लागतं.

मग २०२४चा ऑक्टोबर आला. एक तारखेला मुंबईत, जुहूला, अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली. बातमी टीव्हीवर दिवसभर फिरत होती. आंटीजींनी जेवणं होईपर्यंत वाट पाहिली आणि मग निर्णय सांगितला: गोळ्या बँकेच्या लॉकरमध्ये जातील, लॉकरची चावी माझ्याकडे राहील. अंकलजींनी हळूच विचारून पाहिलं, की चोर आला तर? आंटीजी म्हणाल्या, बँक दहाला उघडते, त्याला बसवून ठेवा.

अकरा दिवसांनी दसरा होता. मी सोनं द्यायला खाली गेलो. आपट्याची पानं दिल्लीत कुठून मिळणार, म्हणून आमच्या शेजारच्या अण्णांनी गावाहून मागवलेल्यांतली दोन घेतली होती. अण्णा मूळचे विट्याकडचे, गलाईच्या धंद्यातले. सांगलीतल्या खानापूर-आटपाडीकडची ही मंडळी देशभर सोनं-चांदी गाळत पसरली आहेत, आणि करोल बागेतही त्यांच्या भट्ट्या आहेत. दिवसभर खऱ्या सोन्याशी खेळणारा माणूस संध्याकाळी झाडाची पानं सोनं म्हणून वाटतो, हे अंकलजींना दरवर्षी नव्याने समजावून सांगावं लागतं. यंदा ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. शस्त्रपूजेसाठी रिव्हॉल्व्हर काढलं होतं, त्याला कुंकू लावून झालं होतं, आणि चक्री फिरत नव्हती. पाच घरं सुरळीत, सहाव्याला अडत होती. चाप ओढला तर घोडा अर्ध्यावर येऊन विचारात पडे.

करोल बागेत रोगनिदानाला फी पडत नाही. समोरच्या एसीवाल्याने दुरूनच सांगितलं, गॅस संपला असेल. त्याला वस्तू काय आहे ते सांगितल्यावरही त्याने मत बदललं नाही. गफ्फार मार्केटमधला ओळखीचा पोरगा फोटो पाहून म्हणाला, हे मॉडेल जुनं आहे, याचे पार्ट आता येत नाहीत, बदलून नवीन घ्या, एक्स्चेंजमध्ये करून देतो. अण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. धातू म्हटला की त्यांचं लक्ष तिकडे जातं.

नेमकं निदान केलं ते नाईवालातल्या बुलेटच्या मिस्त्रीने. रिव्हॉल्व्हर त्याने पाहिलंही नाही. लक्षणं ऐकली, हात पुसले आणि म्हणाला, “टायमिंग आउट है.”

हा माणूस बरोबर होता, आणि का ते सांगायला हवं. रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला की एक छोटा पंजा चक्रीच्या मागच्या दात्यांना ढकलतो आणि चक्री एक षष्ठांश फेरा फिरते. त्याच वेळी खालून एक खिट्टी येऊन तिला धरून ठेवते. घोडा पडतो त्या क्षणी गोळीचं घर नळीच्या अगदी समोर हवं. तसूभर इकडेतिकडे झालं तर शिसं कापलं जाऊन बाजूने उडतं, म्हणजे ज्याच्यावर नेम नाही त्याला प्रसाद मिळतो आणि त्यांत नेम धरणाराही येतो. बुलेटमध्ये ठिणगी योग्य वेळी पडली नाही तर किक उलटी येते आणि नडगी सुजते. तत्त्व एकच. आणि रॉयल एनफिल्ड या नावातही बंदूक आहेच: इंग्लंडातल्या रेडिचची ही कंपनी एनफिल्डच्या शाही शस्त्र कारखान्याला सुटे भाग पुरवायची, तिथून तिने नाव घेतलं, बोधचिन्ह म्हणून तोफ घेतली आणि आमची गाडी बंदुकीसारखी घडवलेली असते अशी जाहिरात केली. ते मिस्त्रीला ठाऊक नसावं. पण तोफेखाली बसून आयुष्य गेल्यावर काहीतरी मुरतंच.

“तो खोल दूँ?” मिस्त्रीने विचारलं. अंकलजींना हा अपमान वाटला. खोलायचंच असेल तर घरी पेचकस आहे.

एका रविवारी दुपारी दिवाणखान्यातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरण्यात आलं. गोळ्या लॉकरमध्ये आहेत याची आंटीजींनी पुन्हा एकदा तोंडी खात्री दिली, आणि तरीही त्या स्वयंपाकघरातच बसल्या, फ्रिजच्या पलीकडे. अण्णांना आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचे स्क्रूड्रायव्हर वेगळे असतात, पातं खाचेत तंतोतंत बसेल असे घासलेले. अंकलजींकडे मिक्सरचा होता. पहिला स्क्रू हलला नाही, पण त्याच्या डोक्याची खाच रुंद झाली. दुसरा हलला, कारण तो आधीच कुणीतरी हलवलेला होता. तिसऱ्याला त्यांनी थोडं तेल दिलं, थोडं हातोडीने समजावलं, आणि बाजूची पट्टी निघाली.

आत काय आहे हे आम्हाला सेकंदभर दिसलं. मग त्यातलं एक नव्हतं. ‘टिंग’ असा आवाज झाला, झुंबर किंचित हललं, आणि अंकलजी ज्या जागेकडे पाहत होते ती रिकामी होती.

स्प्रिंग उडण्याचं एक शास्त्र आहे. ती जिथे पडल्याचा आवाज येतो तिथे कधीच नसते. आम्ही सोफ्याखाली पाहिलं, कूलरमागे पाहिलं, आंटीजींनी शब्दही न बोलता डाळीचं पातेलं चाळणीतून गाळलं. अंकलजींनी पडदे झटकले. त्यातून आधीच्या एका दुरुस्तीतला टेबल फॅनचा बुशिंग मिळाला, त्याचा सर्वांना आनंद झाला.

शेवटी अण्णा उठले. गलाईवाल्याला जमिनीवरचा कचरा हा कचरा वाटत नाही. सोनारांच्या कारखान्यात झाडलोट झाली की ती धूळ जपून ठेवतात, गाळतात आणि त्यातून सोन्याचा कीस काढतात. आणि त्या किसातलं लोखंड वेगळं करायला लोहचुंबक फिरवतात. अण्णांनी घरून चुंबक आणला, केरसुणीने सगळा दिवाणखाना दाराकडून खिडकीकडे असा पद्धतशीर झाडला, ढीग केला आणि त्यावरून चुंबक फिरवला. मुहूर्तावर सोन्याचं वजन करतात तशी शांतता पसरली. चुंबकाला दोन सेफ्टी पिना, एक हेअरपिन, शिलाई मशीनची सुई आणि तीन स्प्रिंगा लागल्या.

आता प्रश्न कोणती, हा. एक लायटरची असावी असं अण्णांचं मत पडलं. दुसरी फार बारीक होती. तिसरी फार जाड होती. अंकलजींनी तिन्ही आळीपाळीने बसवून पाहिल्या आणि जी बसली ती आपली, असं जाहीर केलं. पट्टी लागली. स्क्रू आवळले. चक्री आता सहाच्या सहा घरांना अडत होती, पण समान अडत होती, त्यामुळे प्रगती आहे असं ठरलं. हातात एक स्क्रू उरला. तो बोर्नव्हिटाच्या डब्यात गेला.

खरं सांगायचं तर रिव्हॉल्व्हर या वस्तूचा जन्मच घरगुती खटपटीतून झाला आहे. सॅम्युअल कोल्ट १८३०च्या सुमारास, सोळा वर्षांचा असताना ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून निघाला होता, आणि ते जहाज येत होतं कलकत्त्याला. वाटेत बसल्या बसल्या त्याने लाकूड कोरून फिरत्या चक्रीचा नमुना केला अशी कथा आहे. परत गेल्यावर खरा नमुना करायला पैसे नव्हते, म्हणून हा पठ्ठ्या ‘न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्त्याचे सुप्रसिद्ध डॉक्टर कोल्ट’ असं स्वतःला म्हणवून गावोगाव लोकांना हसवणाऱ्या वायूचे प्रयोग दाखवत फिरला. तिकीट काढून लोक वायू हुंगायचे, खो खो हसायचे, आणि त्या पैशांतून रिव्हॉल्व्हर घडत होतं. १८३६ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. मी ही गोष्ट अंकलजींना सांगितली, ती माझ्या मते त्यांचं सांत्वन करण्यासाठी. त्यांनी तिचा अर्थ असा घेतला की लाकडाने काम झालं तर आपल्याकडे लोखंड आहे.

म्हणून मग मी कायदा काढला. शस्त्र कायदा १९५९चा, अमलात आला १९६२ साली. त्याच्या पाचव्या कलमात परवान्याशिवाय शस्त्राचं काय काय करू नये याची यादी आहे: बनवू नये, विकू नये, हस्तांतर करू नये, रूप बदलू नये, दुरुस्त करू नये, चाचणी घेऊ नये. आणि २०१९नंतर याची शिक्षा किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. पुसणं, तेल देणं हे मालकाचं काम. पट्टी उघडून आतल्या कलपुर्ज्यांना हात लावायला दुरुस्तीचा परवाना असलेला कारागीर लागतो. बाळगण्याचा परवाना आणि दुरुस्तीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे मी मोठ्याने वाचलं. फ्रिजमागची भांडी वाजायची थांबली. अंकलजी बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

“लेकिन बेटा, रिपेअर हुआ कहाँ है?”

या बचावाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही. मात्र आंटीजींना सापडलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या दिल्लीतल्या एका परवानाधारक दुकानाकडे निघालो. मेट्रोत शस्त्र नेता येत नाही, करोल बाग स्टेशनावर यंत्रात बॅग गेली की खेळ संपला. म्हणून ऑटो. अंकलजींनी परवान्याचं पुस्तक, आधार कार्ड, खरेदीची पावती, साडूचं पत्र, वीजबिल आणि लग्नाचा दाखला घेतला होता. लग्नाचा दाखला कशाला, असं मी विचारलं. साडू आहे हे सिद्ध करायला, असं उत्तर मिळालं. खुद्द रिव्हॉल्व्हर मात्र या सगळ्याखाली पिशवीत तळाला होतं, आणि त्यावर आंटीजींनी वाटेत खायला दिलेल्या मठऱ्या.

दुकानातले वृद्ध कारागीर फार बोलणारे नव्हते. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि आत काहीही पाहण्याआधी बाहेरचे स्क्रू पाहिले. सेकंडहँड शस्त्राचा इतिहास स्क्रूंच्या डोक्यावर लिहिलेला असतो. खाच कुरतडलेली दिसली की हे घरी उघडलं गेलंय हे समजतं.

“किसने खोला?”

अंकलजी म्हणाले, “पहले वाले मालिक ने.”

कारागिरांनी पट्टी काढली. पंजाचा एक दात त्यांनी बोट लावून दाखवला: हा कुणीतरी कानशीने घासलाय, आणि तो जुना घाव आहे, त्यावर गंज चढलाय. म्हणजे साडूने आधी घरी दुरुस्ती केली होती, ती बिघडली होती, आणि बिघडलेली दुरुस्तीच त्यांनी कातडी म्यानासह विकली होती. दसऱ्यापासून आम्ही कानपूरचा दोष शोधत होतो, तो सगळा वेळ दोष साडूचा होता. अंकलजींचा चेहरा न्याय मिळालेल्या माणसाचा झाला. तेवढ्यात कारागिरांनी चिमट्याने एक स्प्रिंग उचलून उजेडात धरली.

“और ये तो पेन की है.”

“देखा!” अंकलजी माझ्याकडे वळून म्हणाले. “पेन की लगा के दी!” ऑटोत बसल्याबरोबर त्यांनी साडूला फोन लावला आणि मोती नगरातल्या त्या सभ्य गृहस्थांना, ज्यांनी आयुष्यात फक्त शाईचं पेन वापरलं, बॉलपेनवरून बरंच ऐकून घ्यावं लागलं. दात घासल्याचं त्यांनी कबूल केलं, पेनबद्दल मात्र ते शेवटपर्यंत शपथा घेत होते. अण्णांनी आणि मी या विषयावर मत राखून ठेवलं आहे.

रिव्हॉल्व्हर दुरुस्त व्हायला जानेवारी उजाडला. नवा पंजा, नवी स्प्रिंग, नवे स्क्रू आणि तेवढ्याच संख्येने परत मिळालेले जुने. अंकलजींनी जुने स्क्रू मोजून घेतले आणि एक कमी आहे अशी तक्रार केली. पण ज्या आठवड्यात ते घरी आलं त्याच आठवड्यात, सात जानेवारी २०२५ला, दिल्ली विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करायची नोटीस येते. ती अंकलजींनाही आली. चार वर्षं कपाटात बिघडून पडलेलं रिव्हॉल्व्हर चालू झालं, आणि चालू अवस्थेत त्याने घरात काढले जेमतेम काही दिवस. माझ्या मते दिल्लीतलं सर्वांत निरुपद्रवी शस्त्र ते बिघडलेलं होतं तेव्हाच होतं, पण हे मत घरभाडं देणाऱ्याने बोलून दाखवायचं नसतं.

ठाण्यात मुन्शींनी नोंदवही उघडली. नंबर पाहिला, परवाना पाहिला, चक्री फिरवून रिकामी असल्याची खात्री केली. चक्री अशी सुरेख फिरली की अंकलजींनी इकडेतिकडे पाहिलं, कुणाच्या लक्षात आलं का म्हणून. ‘शस्त्राची अवस्था’ या रकान्यात मुन्शींनी ‘ठीक’ लिहिलं. अंकलजींना तो शब्द कमी वाटला. त्यांनी नवा पंजा, नवी स्प्रिंग असा तपशील सांगायला सुरुवात केली, तेव्हा मुन्शींनी मान वर न करता विचारलं, दुरुस्ती कुणी केली? अंकलजींनी दुकानाची पावती इतक्या घाईने पुढे केली की ती फाटली.

मुन्शी फाटलेले दोन तुकडे अर्जाला टाचायला गेले आणि स्टेपलर अडला. त्यांनी तो टेबलावर आपटला, पुन्हा दाबला, पुन्हा अडला. अंकलजी पुढे सरकले. खिशातून मिक्सरचा स्क्रूड्रायव्हर निघाला. मी त्यांचा कोपर धरला, तर ते कानाशी येऊन कुजबुजले, “इसका लायसन्स नहीं लगता, बेटा.”